डोळ्याच्या मोटारीचे चार पाय

माझ्या टेबलावर तामचिनीचा एक पांढरा वाडगा आहे. काठाला निळी पट्टी, आतल्या अंगाला निळीच एक बारीक रेघ, बुडाशी दोन ठिकाणी टवके उडालेले. माझी पत्नी विमल गेल्या हिवाळ्यात गेली. तिच्या वस्तू आवरताना मुलीनं विचारलं, "बाबा, हा कशाला ठेवायचा? यात धड आमटीही वाढता येत नाही." मी एवढंच म्हणालो, "राहू दे." कारण सांगता आलं नाही. मला बोलून सांगणं कधीच जमलं नाही. लिहिणं थोडं जमतं, तेही सावकाश. नोकरीच्या आठवणी लिहा असं या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, तेव्हा मुलीला न दिलेलं उत्तर इथं द्यावं असं ठरवलं.

मी ड्रायव्हर होतो. कागदोपत्री 'चालक-नि-यांत्रिक'. गाडी होती फिरत्या नेत्र दवाखान्याची. बहात्तरच्या दुष्काळाची आणि त्यानंतरची ती वर्षं. जिल्ह्यातल्या काही सहकारी संस्थांनी मिळून हा दवाखाना चालवला होता. गाडी मात्र इथली नव्हती. एक परदेशी डॉक्टर जोडपं तिच्यात राहत, स्वयंपाक करत, रस्त्यानं देशामागून देश ओलांडत इथवर आलं होतं. दुष्काळात इथं काही महिने राहिलं आणि जाताना गाडी संस्थेला देऊन विमानानं परत गेलं. चाकांवरचं घरच होतं ते. झोपायच्या दोन फळ्या, ओटा, बेसिन, कपाटं. सुकाणू डाव्या हाताला. झोपायच्या एका फळीचं आम्ही ऑपरेशनचं टेबल केलं. ओट्यावर स्टोव्ह पेटवून हत्यारं उकळायची. गावोगाव तिला 'डोळ्याची मोटार' म्हणत.

ऑपरेशन शाळेच्या खोलीत का करत नव्हता, असं आजही कुणीतरी विचारतं. दुष्काळातली धूळ ज्यांनी पाहिली त्यांना हे विचारावं लागत नाही. खिडकी लावली तरी दुपारपर्यंत बाकांवर बोटानं नाव लिहिता यायचं. गाडीची दारं मात्र रबराची पट्टी लावलेली, घट्ट बसणारी. उघडा डोळा आणि धूळ यांच्यामध्ये तेवढी एक पट्टी होती.

पण गाडी म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि हवा भरलेल्या चाकांवर डोलणारी वस्तू. एक माणूस पायरी चढला की ती झुकते. म्हणून उभी केल्यावर तिचं वजन चाकांवरून काढून चार पायांवर घ्यावं लागे आणि चारही पाय समपातळीत आणावे लागत. त्या काळी मोतीबिंदू काढायचा म्हणजे बुबुळाच्या कडेनं काप घेऊन आतलं धुरकटलेलं भिंग अख्खं बाहेर काढायचं आणि केसाहून बारीक टाके घालायचे. आत नवं भिंग बसवायची सोय आमच्याकडं नव्हती. पुढं जन्मभर जाड काचेचा चष्मा. तो काप उघडा असतो त्या काही मिनिटांत गाडी बोटभर कलली, की डोळ्याच्या आतलं जे आत राहायला हवं तेही बाहेर येऊ शकतं. मग चष्म्याचाही उपयोग नाही.

त्या परदेशी साहेबानं हौसेनं तेलाच्या दाबावर चालणारे चार जॅक बसवून घेतले होते. सुकाणूशेजारी चार खटके. खटका ओढला की पंप घुरघुरायचा आणि पाय खाली उतरायचा. पहिल्यांदा ते पाहायला कळंबला अर्धं गाव जमलं होतं. एक म्हातारा म्हणाला, "आगं, उंटावानी उठतीया की ही!" मलाही तेव्हा मोठा रुबाब वाटला.

तो फार टिकला नाही. आमच्या उन्हानं तेल पातळ व्हायचं, धुळीनं जॅकच्या आतली रबरी कडी खाल्ली, आणि तसली कडी सोलापुरातच काय, पुण्यातही मिळेना. सकाळी सरळ उभी केलेली गाडी दुपारी एका कोपऱ्यात किंचित बसलेली असायची. मी रोज सकाळी तेल भरायचो, मध्येच एकदा खटका ओढून कोपरा उचलायचो, आणि गप्प राहायचो. सांगितलं तर गाडी बंद होईल ही भीती. चांगल्या नोकरीला लागलेला आमच्या घरातला मी पहिला माणूस होतो.

संस्थेनं नेमलेले डॉक्टर ऑपरेशन करत असताना मला काम नसे. सुकाणूच्या जागेवर बसून वाचत राहायचो. विमल तेव्हा गाडीवरची सिस्टर होती. ती चिडवायची, "यशवंतराव, गाडी चालवता की वाचनालय?" तिच्या हाताशी उकळून गार केलेल्या पाण्याचा हा वाडगा असे. डॉक्टरांकडं पातळी पाहायची बुडबुड्याची पट्टी होती, पण विमलचा विश्वास वाडग्यावर. आतल्या निळ्या रेघेला पाणी सगळीकडून सारखं टेकलं, की गाडी सरळ.

तेरखेड्याच्या शिबिरात अंबादास नावाचे एक फटाके वळणारे गृहस्थ आले. पन्नाशीचे, विनोदी. तपासताना डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, वात दिसंना झालीया. वातच दिसली न्हाय तर त्यो फटाका कसला, नुसती कागदाची पुडी!" आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं ऑपरेशन चालू असताना मी वाचत होतो. पुस्तकाचं नाव लिहीत नाही. त्या पुस्तकाचा काही दोष नाही. एकदम आतून विमलचा आवाज आला, "डॉक्टर, पाणी!" त्याच क्षणी मागचा डावा कोपरा खाली बसल्याचं मला माझ्या सीटवर कळलं. खटका ओढावा तर गाडी हलणार, न ओढावा तर आणखी बसणार. मी खटक्यावर हात ठेवून नुसता बसून राहिलो.

डॉक्टरांनी डोळा वाचवला. नजर पुरती वाचली नाही. पट्टी सुटल्यावर अंबादासना उजेड दिसला, दाराचा चौकोन दिसला, माणसांचे चेहरे मात्र जाड काच लावूनही दिसले नाहीत. ते आम्हालाच समजावत होते, "आसू द्या. दिवस हाय का रात्र, येवढं तर कळतंय." त्यांचं हे वाक्य मला त्यांनी दिलेल्या शिवीसारखं आजवर पुरलं आहे.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "यशवंत, जॅक गळतात हे तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन महिने."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "यापुढं या गाडीत डोळा उघडायचा नाही. पेशंट सोलापूरला पाठवू." पेशंट सोलापूरला जाणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. म्हाताऱ्या माणसांना एसटीत बसवून तिथं घेऊन जायला, आठ दिवस सोबत राहायला त्या वर्षात कुणाच्या घरी माणूस मोकळा होता? सगळे रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. जॅकचा बंदोबस्त करायला मी एक महिन्याची मुदत मागितली. त्यांनी दिली, का दिली ते मला आजही नीट सांगता येत नाही.

एका सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गफूर मिस्त्री लेथवर होते. आयटीआयमधून मी उमेदवारीला त्यांच्या हाताखाली गेलो होतो. गाडीखाली अंग टाकून ते बराच वेळ पडून राहिले, मग तिथूनच बोलले, "बेटा, परदेशी नखरा है ये. इसको एसी में रख्खो और रोज गुलाबपानी पिलाओ." बाहेर येऊन अंगावरची धूळ झटकत म्हणाले, "तेल निकाल दे. तेल कभी ना कभी भागता. आटे नहीं भागते."

आटे म्हणजे स्क्रूवर कातलेले खाचवेढे. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेलाच्या जॅकवर वजन तोललेलं असतं ते कोंडलेल्या तेलावर. वाट मिळाली की तेल निसटतं. जाड, चौकोनी आट्यांच्या स्क्रूवर कितीही वजन ठेवा, तो आपण होऊन फिरत नाही. दांडा घालून माणसानं फिरवला तरच फिरतो. ट्रकचे साधे जॅक याच तत्त्वावर चालतात, पण ते सुटे असतात, त्यांच्यावर उभी गाडी आडवी डुलते. आम्हाला हवे होते ते चेसीसलाच पक्के जोडलेले, हातभर लांब, मनगटाएवढे जाड स्क्रू. असे स्क्रू नव्यानं कातून घ्यायचे तर महिना तिथंच संपला असता.

ते मिळाले मुरुम या गावी. शिवलिंगप्पा नावाच्या आडत व्यापाऱ्याच्या वखारीत, कापसाच्या गाठी बांधायच्या जुन्या हातप्रेसचे दोन लांब स्क्रू गंजत पडले होते. अर्ध्यात कापले की चार. मी काय हवं, कशाला हवं ते सांगितलं. शिवलिंगप्पा पान लावत ऐकत होते.

"घेऊन जावा की. म्या काय त्याचं लोणचं घालू?" ते म्हणाले. "पर एक हाय. आमच्या अव्वाचे, म्हंजी आईचे, दोन्ही डोळे गेल्यात. सोलापूरला न्हेतो म्हणलं तर म्हणती, मला घराभाईर मरायचं न्हाय. तुमची मोटार इथं आणा आन् पयला डोळा तिचा करा."

"आणतो," मी म्हणालो.

"हलनार न्हाय न्हवं मोटार?"

"नाही हलणार."

मी इतका ठाम शब्द त्याआधी कुणाला दिला नव्हता.

पुढचे तीन आठवडे मी आणि गफूर मिस्त्री दिवसभर त्या गाडीखाली होतो. गंज काढून स्क्रू घासले, कापले. मिस्त्रींनी गनमेटलचे चार नट कातले. ते जाड पाइपात बसवून पाइप चेसीसला वेल्ड केले, तिरप्या पट्ट्या मारल्या. स्क्रूच्या टोकाला खोबणीत फिरणारं गोल तळवं, भाकरीएवढं. मिस्त्री म्हणाले होते, "तळवा थोडा बडा कर." मी म्हटलं, एवढं पुरे, रस्त्यात घासेल. शेवटी तेलाचे जॅक, पंप, नळ्या, खटके सगळं उतरवलं. कारखान्याच्या आवारात गाडी चार पायांवर उभी केली, आत वाळूची पोती टाकली. विमल वाडगा घेऊन आली, पाणी भरून टेबलावर ठेवला आणि दार लावून गेली. तीन दिवसांनी दार उघडलं तेव्हा पाणी उन्हानं थोडं आटलं होतं, पण सगळीकडून सारखं. मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली, त्यांचा काळा पंजा शर्टावर उमटला. तो शर्ट मी धुवायला दिला नाही, याबद्दल विमल पुढं अनेक वर्षं हसायची.

एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. आम्ही परीक्षा घेतली ती कारखान्याच्या सिमेंटच्या ओट्यावर.

मुरुमला आम्ही सकाळी पोचलो. शिवलिंगप्पांच्या दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी लावायची होती. पाहतो तर सगळी जागा झाडून, शेणाचा सडा टाकून, वर रांगोळी काढलेली. गावात टँकर दिवसाआड येत होता. बायकांनी घरटी एक तांब्या पाणी काढून तो सडा टाकला होता. एक बाई डोईवरचा पदर सावरत म्हणाल्या, "देवावानी मोटार येनार, तिला कोरड्या मातीत कसं हुबं करायचं?"

इथं मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या वडिलांनी छप्पन साली बाबासाहेबांच्या वाटेनं धम्म घेतला. त्याआधी आणि त्यानंतरही कैक वर्षं माझ्या आईनं दुसऱ्यांची अंगणं लांबून झाडली. आमच्यासाठी कुणी सडा टाकल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. जमीन काळी आहे, ओली झाली की लोण्यासारखी होते, हे शेतात राबलेल्या बापाच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. मला ते दिसत होतं. पण मी त्या सड्यावर गाडी घेतली, चारही पाय उतरवले, आणि मान वर करून दांडे फिरवले. त्या क्षणी मला नको म्हणवलं नाही.

अव्वा सत्तरीच्या पुढच्या, हाडांनी हलक्या. दोन सुनांनी हात धरून चढवल्या. टेबलावर पडल्या पडल्या विचारलं, "कोन हाय बाजूला?"

"मी सिस्टर, अव्वा."

"हात दे. आन् त्यो स्क्रू फिरवनारा तम्मा कुठं हाय?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी दारातून ओ दिली. या वेळी पुस्तक आणलं नव्हतं. चारही स्क्रूंवर खडूनं खुणा केल्या होत्या आणि खाली बसून त्यांच्यावर नजर ठेवणार होतो.

डॉक्टरांनी डोळा बधिर करायचं इंजेक्शन दिलं. आता काप घेणार, तेवढ्यात विमल म्हणाली, "थांबा."

डॉक्टरांचा आवाज, "पुन्हा?"

"मागची डावी बाजू. पाणी रेघ सोडतंय."

मी खाली वाकलो. स्क्रूवरची खडूची खूण जिथल्या तिथं होती. आटा तसूभरही फिरला नव्हता. तळवं मात्र रांगोळीच्या एका कमळासकट ओल्या मातीत दोन बोटं रुतलं होतं.

मी दारात जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, "स्क्रू ठीक आहे. जमीन ओली आहे. मला दिसलं होतं. मी बोललो नाही."

डॉक्टरांनी मास्कवरून माझ्याकडं पाहिलं. "इंजेक्शनचा असर अर्धा-पाऊण तास राहील. तुला वीस मिनिटं देतो."

शिवलिंगप्पा गाडीच्या पायरीशीच होते. त्यांना वाटलं अव्वाचं काहीतरी झालं. मी म्हटलं, "अप्पा, फळ्या हव्यात. रुंद, जाड. आत्ता."

जुन्या दुकानांना दाराऐवजी उभ्या सुट्या फळ्या असत, हे आजच्या वाचकांना माहीत नसेल. सकाळी एकेक काढून ठेवायची, रात्री क्रमानं बसवायची, प्रत्येकीवर आकडा. शिवलिंगप्पांच्या फळ्या सागवानी, दोन बोटं जाड. त्यांनी दुकानाकडं पाहिलं, मोटारीकडं पाहिलं, आणि हमालांना ओरडले, "आरं बघताय काय, न्या की समद्या!"

एकेक पाय वर घेतला, ओली माती टिकावानं खरवडून खालच्या कोरड्या कठीण थरापर्यंत गेलो, दोन फळ्या उभ्या, त्यांवर दोन आडव्या, वर तळवं. ज्या बायकांनी सडा टाकला होता त्याच ओच्यात कोरडी माती भरून आणून टाकत होत्या. एक म्हणाली, "आमीच केला गं घोटाळा." मी म्हटलं, "तुमचा नाही, ताई. माझा." आत विमल अव्वांशी बोलत असलेली ऐकू येत होती. ती त्यांना लेकी किती, जावई कसे, हे विचारत होती, आणि अव्वा एका जावयाची यथेच्छ निंदा करत होत्या.

चौथा दांडा फिरवून झाला. वाडग्यात पाणी रेघेला टेकलं. डॉक्टरांनी आणखी पाच मिनिटं थांबायला लावलं. मग त्यांनी हत्यार उचललं आणि मला विचारलं, "यशवंत, कापू?"

एवढी वर्षं झाली, इतकी माणसं भेटली, पण मला कुणी इतका मोठा प्रश्न विचारलेला नाही. मी विमलकडं पाहिलं. तिनं वाडग्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मान हलवली.

"हो, डॉक्टर," मी म्हणालो.

मी खाली जाऊन मागच्या डाव्या पायाशी बसलो. खडूची खूण हलली नाही. फळी हलली नाही. थोड्या वेळानं वर टेबलाजवळ कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. ते डॉक्टर होते.

शिबिर आठ दिवस चाललं. तेवढे दिवस त्या फळ्या गाडीखाली असल्यामुळं शिवलिंगप्पांचं दुकान बंद करता येत नव्हतं. ते उंबऱ्यावर खाट टाकून झोपायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "दुकान मोटारीखाली गेलंय." पट्टी सोडली त्या सकाळी अव्वांनी चष्म्याची जाड काच डोळ्यापुढं धरून समोर डॉक्टरांनी धरलेली बोटं मोजली, सुनांची तोंडं पाहिली, आणि म्हणाल्या, "त्या तम्माला बोलवा." मी समोर उभा राहिलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "वाळकाच हायस की रं," त्या म्हणाल्या. "आवाजावरनं म्या धिप्पाड समजले हुते."

निघताना विमलनं मला सुनावलं. "सडा बघितला आणि तुमचे डोळे मिटले. मला कळलं का मिटले ते. पण अव्वांना त्याचं काय?" हे तिला न सांगता कळलं होतं, हेच माझ्या मनात घोळत राहिलं. पुढच्या वर्षी आम्ही लग्न केलं.

सडा बंद करा असं तिनं मात्र कुठंच सांगू दिलं नाही. शिबिराच्या आदल्या दिवशी तीच गावात पुढं जाई आणि गाडीच्या जागेभोवती पांढऱ्या रांगोळीची एक रेघ ओढे. "रेघेच्या बाहेर हवा तेवढा सडा टाका, बायांनो. आत एक थेंब नको." मी गाडीत सागवानी फळ्यांचा संच कायमचा ठेवला आणि तळवी परातीएवढी करून घेतली. गफूर मिस्त्री म्हणाले, "पहिलेच बोला था." गाडी मोडीत निघेपर्यंत ते चार पाय तिच्याखाली होते. त्यांच्यावर उभ्या असलेल्या गाडीत, गाडी हलल्यामुळं एकही डोळा गेला नाही. हे वाक्य लिहिताना मला संकोच वाटत नाही. अंबादासांची आठवण आली की मात्र त्याच्यापुढं दुसरं वाक्य लिहवत नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा मुरुमला गेलो. मी गाडी वळवून आणली तेव्हा जाड काचेचा चष्मा लावलेल्या अव्वा हातात तांब्या घेऊन स्वतः सडा टाकत होत्या. कमरेत वाकून, विमलच्या रेघेला लागून, टोकापर्यंत. सून म्हणाली, "अव्वा, द्या म्या टाकते." त्या म्हणाल्या, "सर. तुला रेघ दिसायची न्हाय." मी खाली उतरून पाहिलं. रेघेच्या बाहेरची माती काळीभोर ओली होती. आत एक थेंब नव्हता.

आज सकाळी लिहायला बसण्याआधी मी वाडग्यात पाणी घातलं. टेबल डावीकडं किंचित उतरतं आहे. किती महिने मी त्यावर असाच लिहीत होतो कोण जाणे. विमलनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सरकवली, पाणी रेघेला सगळीकडून टेकेपर्यंत थांबलो, आणि मग पहिलं वाक्य लिहिलं.